साडेचारचं पाणी

राई गाव, भाईंदर (प.)
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय सरू,

तुला जय भीम. दिवाळीचं पत्र उशिरा लिहितेय आणि त्यात फराळाची एकही गोष्ट नाही, हे आधीच सांगते. फोन केला असता, पण तुझ्या कानांना आता फोन पुरत नाही. मागच्या खेपेला मी दहा मिनिटं ओरडत होते, शेवटी शेजारचा जितेंद्र काठी घेऊन धावत आला, आमच्या घरात चोर शिरला समजून.

आमची भूमिका दवाखान्यात आहे. माझ्या धाकट्या भावाची, लोकेशची मुलगी. तू तिला बारशाला पाहिलंस, आता बारा वर्षांची झाली. दिवाळीच्या सुट्टीत मीरा रोडचा फ्लॅट सोडून माझ्याकडे राईत येते, दरवर्षी. यंदा शाळेच्या खो-खोच्या संघात निवड झाली म्हणून नुसती हवेत होती. अंगणातल्या नारळाला खांब समजून दिवसभर त्याच्याभोवती सूर मारायची. गुडघे बघवत नव्हते तिचे.

शनिवारी संध्याकाळी तिचे पाय गेले, सरू. दोन्ही. लोकेश चेण्याला साइटवर होता, त्याची बायको रश्मी तिच्या ऑफिसात. जितेंद्रने उचलून रिक्षात घातलं. मी मांडीवर डोकं घेऊन बसले होते आणि तिचे पाय रिक्षाबरोबर नुसते हलत होते.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी सांगितलं, दोन दिवसांपासून पाय जड झाल्यासारखे वाटत होते, मागच्या आठवड्यात थोडा तापही होता. त्यावरून ते म्हणाले, नसांचा आजार दिसतोय, तापानंतर मुलांना होतो, पायांतून हळूहळू वर चढतो. त्याच रात्री पाठीचा एमआरआय काढला, तो स्वच्छ आला. सलाईनमधून पाच दिवसांचं भारी औषध चालू आहे. लघवी आपण होऊन होत नाही, नळी घातलीय.

तू पस्तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलीस. पोर कधी उठेल तेवढं सांग. बाकी काही विचारू नकोस.

तुझी
द्वारका


लांजा
१६ नोव्हेंबर

द्वारके,

पत्र वाचून आधी रडून घेतलं. मग चष्मा पुसून परत वाचलं, आणि माझ्यातली वॉर्डसिस्टर जागी झाली. ती रिटायर व्हायला तयार नाही, काय करू.

बाकी काही विचारू नकोस म्हणतेस. शाळेत असतानाही तू असं म्हणालीस की काहीतरी फुटलेलं असायचं, एकदा तर बाईंची दौत. म्हणून विचारतेच. पाय दोन दिवसांपासून जड होते, असं तू लिहितेस. त्याच पानावर लिहितेस की पोर दिवसभर सूर मारत होती. जड पायांची मुलगी जिना चढताना धापा टाकते गं, खो-खो खेळत नाही. दोन्ही खरं कसं असेल?

आणि तिला दुखलं होतं का? पाठीत, मानेत, कुठेही? दुखणं आधी आलं की पाय आधी गेले? दोन्हींच्या मध्ये किती वेळ गेला? दिवस नको सांगूस, मिनिटं सांग. आमच्या वॉर्डात एक जुने डॉक्टर होते, ते म्हणायचे की मुलाचे पाय का गेले ते मशिनच्या आधी घड्याळ सांगतं. दोन दिवसांत गेले तर एक आजार, दोन तासांत गेले तर दुसरा, आणि अर्ध्या तासात गेले तर तिसराच. औषधंही वेगळी.

कधी उठेल ते मला इथून सांगता येणार नाही, आणि खोटा धीर मी कुणाच्याच आईला कधी दिला नाही, तुलाही देणार नाही. तू त्या पोरीची आईच आहेस अर्धी. जेवतेस का वेळेवर?

तुझी
सरोजा


राई
१९ नोव्हेंबर

सरू,

तू पोलिसात असायला हवी होतीस, उगाच पांढरे कपडे घातलेस. मिनिटं काय विचारतेस? माझ्या हातात घड्याळ असतं का? दुखत होतं थोडंसं पाठीत. खेळणाऱ्या पोरांचं दुखतंच.

इथे आता वेगळंच सुरू झालंय. पाच दिवसांचं औषध संपलं, फरक शून्य. पाठीतून पाणी काढून तपासलं, ते चांगलं. पायांच्या नसांना करंट देऊन तपासलं, तेही चांगलं. मग एक तरुण डॉक्टर आले. तिला डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा धरला, वर केला, खाली केला. भूमिकाने प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं, वर की खाली. कापूस लावला तोही कळला. बाहेर येऊन ते रश्मीला म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, टच कळतोय. शाळेचं काही टेन्शन आहे का? कधी कधी मुलं मुद्दाम नाही करत, पण मनातून होतं."

रश्मी हुशार बाई आहे, पण दहा दिवस झोप नाही तिला. आत जाऊन पोरीला म्हणाली, "भूमी, खरं सांग, मी रागावणार नाही. तुला शाळेत जायचं नाहीये का?" भूमिकाने माझ्याकडे बघितलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

डॉक्टर परत परत विचारतात की कसं झालं, आणि तिची गोष्ट दर वेळी थोडी वेगळी होते. त्यावरून त्यांचा संशय वाढलाय. शिवाय तिच्या मांडीवर एक फोड आहे, रुपयाएवढा. मी त्या दिवशी गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, त्याचा चटका. नर्सने विचारलं, एवढं भाजलं तर ओरडली कशी नाहीस? पोर म्हणते, पिशवी ठेवलेली कळत होती, जड होती, पण गरम नव्हतीच. आता ती उकळत्या पाण्याची होती हे मला माहीत आहे. मग तेही खोटंच ठरलं.

काल हरिश्चंद्रदादा आला होता, उसण भरली म्हणून कमरेला हात लावून, वाकडातिकडा. मी दारातूनच परत पाठवला. म्हटलं, माझाच पाय दुखतोय, दुसरीकडे बघ. असो. मन लागत नाही कशात.

द्वारका


लांजा
२२ नोव्हेंबर

द्वारके,

हरिश्चंद्रला परत पाठवलंस?

मी तुला आठ वर्षांची असल्यापासून ओळखते. तू पायाळू, पायांकडून जन्मलेली. राई, मुर्धे, मोर्वा, तिन्ही गावांत कुणाची कंबर धरली की माणूस तुझ्या ओट्यावर पालथा पडायचा आणि तू तीनदा पाय लावून उसण काढायचीस. मी नर्सिंगला गेल्यावर तुझी चेष्टा करायचे, तू म्हणायचीस, 'माणूस रडत येतो नि हसत जातो, तुझ्या इंजेक्शनने जातो का?' तापाने फणफणली होतीस तेव्हाही कुणाला परत पाठवलं नाहीस. आणि आता पाठवलंस.

तू भूमिकाला पाय लावलास, हो ना? आणि त्यानंतर तिचे पाय गेले.

हे वाचून पत्र फाडू नकोस, पुढचं वाच.

खूप वर्षांपूर्वी आमच्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी होती. पाय हलत नव्हते, रिपोर्ट सगळे चांगले. नाटक करते म्हणून सगळ्यांनी ठरवलं, आणि मीही. मी तिला बेडपॅन मुद्दाम उशिरा दिला एकदा, चालत जाईल म्हणून. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवव्या दिवशी तिच्या आजीने कबूल केलं की पोर झाडावरून उडी मारून उतरली, पाठीत कळ आली आणि अर्ध्या तासात पाय गेले. घरच्यांनी तिला आधी एका हाडवैद्याकडे नेलं होतं, ते लपवायला त्यांनी दुसरीच गोष्ट सांगितली होती. त्या अर्ध्या तासावरून त्या जुन्या डॉक्टरांनी ओळखलं. पाठीच्या कण्यात जो मज्जारज्जू असतो त्याचं रक्त बंद पडलं होतं. म्हाताऱ्यांना डोक्यात झटका येतो ना, स्ट्रोक म्हणतात, तसाच तो पाठीतही येतो, आणि लहान मुलांनाही येतो. फार क्वचित. म्हणूनच कुणाच्या डोक्यात येत नाही. पहिल्या काही तासांत काढलेला फोटो स्वच्छ येऊ शकतो, तो परत काढावा लागतो.

आणि तुझ्या पत्रातला तो फोड. स्पर्श कळतो, अंगठा वर की खाली कळतं, पण गरम कळत नाही. नाटक करणाऱ्या पोरीला हे सुचणार नाही, द्वारके, ते फक्त शरीराला माहीत असतं. स्पर्शाची वाट मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने जाते, गरम-गारची पुढच्या. पुढच्या भागाचं रक्त बंद झालं की एवढंच जातं.

मी डॉक्टर नाही. पण त्या दिवशी काय झालं ते मला लिही. क्रमाने, काहीही न गाळता.

सरोजा


राई
२५ नोव्हेंबर

सरू,

हो. लावला पाय.

घड्याळ नव्हतं, पण पाणी होतं. आमच्या नळाला साडेचारला पाणी येतं. शनिवारी नळ खाकरायला लागला, मी पाइप ड्रममध्ये सोडला, पाय धुतले, आणि तेवढ्यात नारळाकडून भूमिका ओरडली. सूर मारून उठताना पाठीत काहीतरी झालं म्हणाली. "आत्या, आतून कुणीतरी दाबतंय यार." स्वतःच्या पायांनी चालत ओट्यावर आली. पाय जड नव्हते. दोन दिवसांपासून नव्हते, दोन तासांपासूनही नव्हते. ते मी बनवलं.

तीच म्हणाली, "उसण भरली असेल, पाय लाव ना." पालथी झोपली. तुला माझे पाय माहीत आहेत, मिठागराच्या पाण्यात वाढलेले, बारा महिने गार, आणि त्या दिवशी तर ओले. ही पोर एवढीशी होती तेव्हापासून माझा पाय लागला की किंचाळते, 'गार! गार!' म्हणून. आमचा तो खेळच आहे. त्या दिवशी मी कमरेखाली तीनदा पाय लावला आणि ती किंचाळली नाही. "झाले तीन? अजून एकदा लाव," एवढंच म्हणाली. मला वाटलं, दुखण्यापुढे बिचारीला काही सुचत नसेल. जोर दिला नाही गं मी. शप्पथ.

मग ती उठायला गेली आणि उजवा पाय आलाच नाही. हसली आधी. "आत्या, पाय झोपला माझा." मी चोळला, पिशवी गरम करून ठेवली. डावाही गेला. तेव्हा ड्रम अर्धा भरला होता. पूर्ण भरायला पाऊण तास लागतो, आता तूच हिशेब कर.

रश्मीने मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, "ताई, गावातल्यांना काय लावायचं ते लावा, माझ्या मुलीवर असले प्रकार नकोत." तेव्हा मला राग आला होता. रिक्षात तेच आठवलं. मी पोरीच्या कानात म्हटलं, पायाचं कुणाला सांगू नकोस, तुला माझी शप्पथ आहे. आणि डॉक्टरांसमोर दोन दिवसांची गोष्ट रचली, माझा पाय आणि तिचं पडणं यांत जेवढं अंतर पाडता येईल तेवढं पाडायला. ती बाजूला झोपून मान हलवत होती.

आता तिला खोटारडी ठरवतायत आणि ती माझी शप्पथ पाळतेय. काल मानसोपचारवाल्या बाई येऊन गेल्या. त्या गेल्यावर भूमिका मला म्हणाली, "आत्या, घाबरू नको, मी नाही सांगितलं." बारा वर्षांची पोर मला धीर देतेय, सरू. मी या पायाने तिला मोडलं आणि या तोंडाने तिला खोटं पाडलं. लहानपणी आई मला वीज कडाडली की बाहेर जाऊ द्यायची नाही, पायाळूवर वीज पडते म्हणून. पडली असती तर बरं झालं असतं.

द्वारका


लांजा
२८ नोव्हेंबर

द्वारके,

हे पत्र टपालात टाकत नाही. माझी भाची स्वाती आज बोरिवलीला निघालीय, ती तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोर बसेल.

तुझंच वाक्य तुला परत वाचून दाखवते. पाय लागला ते तिला कळलं, तिने तीन मोजले आणि चौथा मागितला. पण गार कळला नाही. तुझा ओला, मिठागरातला पाय गार लागला नाही. म्हणजे तुझा पाय टेकला त्या आधीच गार-गरमची वाट बंद झाली होती. आधी, द्वारके. झटका सूर मारताना आला, तू नंतर पोचलीस. तुझ्या पायाने काही मोडलं नाही. माझ्या मते पहिला पुरावा त्याच पायाला मिळाला, फक्त तुला तो वाचता आला नाही.

खोटं मात्र तुझंच आहे. ते मी तुझ्या अंगावरून काढू शकत नाही, आणि मैत्रीण म्हणून काढणारही नाही. त्यापायी पोरीला नको ती औषधं टोचली आणि नको ते ऐकावं लागलं.

हे वाचलंस की त्याच संध्याकाळी दवाखान्यात जा. डॉक्टरांना सांग, रश्मीच्या समोर सांग, आणि भूमिकाची शप्पथ तिच्यासमोर सोडव. पाणी, ड्रम, पाय, पिशवी, सगळं सांग. दुसऱ्या सकाळपर्यंत झालं नाही, तर स्वाती रश्मीला फोन करेल. मला तसं करायला लावू नकोस. तुझ्या तोंडून आलं तर पोरीला कळेल की तू तिच्या बाजूची आहेस.

तुझीच
सरू


राई
५ डिसेंबर

प्रिय सरू,

तुझी स्वाती तुझ्यावरच गेलीय. मी वाचताना अंगणात जायला उठले तर म्हणाली, "मावशी, बसा. शेवटचं पान राहिलंय."

गेले त्याच संध्याकाळी. लोकेश, रश्मी, दोघं होते. मोठे डॉक्टर राउंडला आले होते, डॉक्टर धर्मेश, नसांचे तज्ज्ञ, पहिल्यांदाच आले होते ते तिला बघायला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि आधी पोरीला म्हटलं, "भूमे, शप्पथ सुटली." ती एवढी मोठ्याने रडली की बाजूच्या पलंगावरचं बाळ उठलं. मग मी सांगायला लागले. रश्मीकडे बघितलं असतं तर शब्द फुटला नसता, म्हणून डॉक्टरांच्या खिशातल्या पेनाकडे बघत सांगितलं.

मला वाटलं होतं, पायाळूचं ऐकून हसतील. ते खुर्ची ओढून बसले. "मावशी, एकदम बरोबर टाइम सांगा ना. पाणी आला साडेचारला, फिक्स?" मी म्हटलं, पाच मिनिटं इकडे-तिकडे. "ड्रम केवढा?" दोनशे लिटरचा. त्यांनी कागदावर मांडलं आणि म्हणाले, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत दोन्ही पाय. मग मी 'गार'चं सांगितलं, तू लिहिलंस तसं नाही, नुसतं जसं घडलं तसं. त्यांनी लगेच थंड पाण्याची बाटली मागवली आणि भूमिकाच्या पोटावर लावत लावत खाली आले. बेंबीपर्यंत ती 'गार' म्हणत होती. बेंबीखाली म्हणाली, "लागतंय, पण गार नाही." पाठीवरही तेच, कमरेपासून खाली. सगळ्यांनी कापूस लावला होता, गार कुणी लावलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत एमआरआय झाला. त्यांनी आम्हाला कम्प्युटरवर दाखवला. मज्जारज्जूच्या मधोमध दोन पांढरे ठिपके, शेजारी शेजारी, आणि त्या जागेची मणक्यातली चकती जरा दुखावलेली. बहुतेक सूर मारताना चकतीचा बारीकसा कण रक्तवाहिनीत जाऊन अडकला असावा, असं ते म्हणाले. 'असावा' म्हणाले, नक्की कुणालाच सांगता येत नाही. स्पायनल कॉर्डचा स्ट्रोक. त्या तरुण डॉक्टरांना त्यांनी आमच्यासमोर काही बोल लावला नाही, पण तेच पोरगं मागाहून एकटं आलं आणि भूमिकाला सॉरी म्हणून गेलं. मला आवडलं ते.

मी विचारलं, डॉक्टर, माझ्या पायाने? ते म्हणाले, "नाही मावशी. तुमचा पाय लागला तेव्हा झालेला होता. पण यापुढे कुणाच्या पाठीला पाय लावू नका, आणि असं दुखून कुणाचा पाय ढिला पडला तर सीधा हॉस्पिटल." आणि पुढे म्हणाले, "पहिल्या दिवशी हे सांगितलं असतं तर जादू झाली असती असं नाही, पण आपण योग्य रस्त्याने निघालो असतो." खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं. पण तुझ्यासारखेच आहेत ते.

पुढे काय, ते कुणीच छातीठोक सांगत नाही. व्यायाम, व्यायाम आणि व्यायाम. काही मुलं चालतात, काही थोडी चालतात. उजव्या पायाचा अंगठा काल हलला. मी बघितला, आणि मी परत रचून सांगतेय असं कुणाला वाटेल म्हणून नर्सलाही बोलावून दाखवला.

रश्मी माझ्याशी बोलत नाही. मी डबा घेऊन जाते, ती घेते आणि तोंड फिरवते. तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर डबा फेकून मारला असता.

भूमिकाने मात्र माझा हात सोडला नाही. "आत्या, मी नाटक नव्हते करत ना?" असं दिवसातून दहा वेळा विचारते. मी दहा वेळा सांगते, नाही गं बाय, नाटक मी करत होते.

तुझी
द्वारका


राई
१६ मार्च २०२५

प्रिय सरू,

कानाचं नवीन यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून लिहिलंस, मारू दे. पत्र थांबवायचं निमित्त तेवढं करू नकोस.

आज रविवार. होळीच्या सुट्टीत भूमिका चार महिन्यांनी राईत आली. डाव्या पायाला पोटरीपर्यंत पट्टा, हातात वॉकर. अंगणातून ओट्यापर्यंत यायला तिला तेवढा वेळ लागला जेवढ्यात मी पूर्वी केबिन रोडवरून भाजी घेऊन यायचे, पण आली स्वतःच्या पायांनी. लघवीची नळी दिवसातून चार वेळा स्वतः घालते, घड्याळ लावून, कुणाला आत येऊ देत नाही. खो-खोच्या सरांनी तिला वेळ लावायचं काम दिलंय, गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच. सगळ्या संघाला फैलावर घेते म्हणे. रडतेही अधूनमधून, दारं आपटते. आपटू दे.

रश्मी बरोबर आली होती. जानेवारीपासून बोलते माझ्याशी, कामापुरतं. ती एक वही ठेवते, डॉक्टर धर्मेशनी सांगितल्याप्रमाणे. कुठला स्नायू कधी हलला, किती पावलं, सगळं तारीख-वेळ घालून.

दुपारचा चहा झाला. साडेचारला नळ खाकरला. मी सवयीने पाइप ड्रममध्ये सोडला, पाय धुतले आणि तिथेच उभी राहिले. पोरगी ओट्यावर पालथी झोपून मोबाइल बघत होती. म्हणाली, "आत्या, उसण भरलीय."

मी म्हटलं, "कुठे दुखतंय? कधीपासून?"

"दुखत नाहीये गं. पाय लाव."

"न्हाय," मी म्हटलं. "डॉक्टरांनी बंद केलंय. मी कुणालाच लावत नाही. हरिश्चंद्रदादाला पण न्हाय."

"उसण काढायला नको. नुसता ठेव."

मी रश्मीकडे बघितलं. ती वही मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्या ओल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "ताई, ठेवा. ओला आहे ना? तसाच ठेवा. पुसू नका."

सरू, सत्तावन्न वर्षांत हा पाय मी किती पाठींना लावला असेल, पण आज तो उचलेना. भिंतीला हात धरला. कमरेच्या खाली, जिथे त्या दिवशी लावला होता तिथेच, नुसता टेकवला. फुलपाखरू बसेल तेवढाही भार दिला नाही.

एक क्षण काही नाही. मला वाटलं, असू दे, देवा, चालतेय ना, तेवढं पुष्कळ.

आणि पोरगी किंचाळली. "ए आत्या! गार! गार आहे गं!" मोबाइल खाली पडला. "आई, गार लागलं! उजवीकडे जास्त, डावीकडे थोडं, पण गार!"

रश्मी उठली, माझ्याजवळ आली आणि माझा दंड घट्ट धरला. एका हाताने मला धरून, दुसऱ्या हाताने वही गुडघ्यावर टेकवून तिने वेळ लिहून घेतली. चार वाजून अडतीस मिनिटं.

तुझी
द्वारका